शेवंतीची राखण

आरोंद्याच्या शेवंतीला चाळिशीपर्यंत साधा ताप कधी शिवला नव्हता. घर सगळं खोकत पडलं की हीच पेज रांधायची, वर नवऱ्याला टोमणा मारायची, "तुमचो जोर नुसतो मिशयेत!"

आणि आता तिचेच सांधे सुजले, गालांवर तांबडे चट्टे उठले, सकाळी बोटं वळेनात. तिनं सरळ बागेच्या राखणदारावर खापर फोडलं. वर्षाचा कोंबडा वेळेवर दिला होता, मग हा देव बिघडला कशाला?

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिले. "शरीराची राखण करणाऱ्या पेशी असतात. त्यातल्या काही घरच्यांवरच उठतात, म्हणून शरीर त्यांना वेळीच मारून टाकतं. पण इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांच्या अंगात जास्त असणारं हार्मोन, वाढवलं की त्या जिवंत राहतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. तुमचंही तसंच असेल का, ते मात्र छातीठोक सांगता येत नाही."

"म्हणजे इतकी वर्सां माका त्यांनीच राखल्यानी?"

"बहुतेक."

"आणि आता माका तेच खातत?"

"तसंच म्हणा. ह्या गोळ्यांनी त्यांचा जोर कमी होईल."

शेवंतीला कळेना, आता शिव्या घालायच्या कुणाला. गोळ्या पदराला बांधून ती दारापर्यंत गेली आणि तशीच परत आली.

"बाई, भायलो राखणदार कोपलो तर त्येका कोंबो देतव. ह्या भितुरल्याक काय देवचा?"