सासूबाईंसोबत वाळवंटात

शेतात सौर पंप बसवणाऱ्या एका कंपनीच्या परभणीतल्या ऑफिसात मी नोकरी करते. मागच्या हिवाळ्यात प्रशिक्षणासाठी मला जैसलमेरकडं पाठवायचं ठरलं. वर्ग दुपारचे, सकाळ मोकळी, आणि मधे एक रविवार. हे कळलं तेव्हा पहिला विचार आला तो पंपाचा नव्हता. तिथं आपण चालायचं, वाळवंटात, एकटीनं, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

सेलूच्या आमच्या घरात एकटं असणं सोपं नाही. आंघोळीला गेलं तरी दारावर कुणाची तरी थाप पडते. म्हणून भाकरी उरकल्या की मी फोनवर नकाशा उघडून बसायची. आकाशातून काढलेल्या फोटोत नुसती वाळू दिसायची आणि तिच्यात गाडीवाटेसारख्या बारीक रेषा. मुक्कामाच्या गेस्ट हाऊसपासून वाळूच्या पहिल्या टेकाडापर्यंत किती चालावं लागेल, तिथून नकाशावर दिसणाऱ्या जुन्या विहिरीकडं जाता येईल का, ऊन चढायच्या आत परतायचं तर कधी निघायचं, हेच डोक्यात. तिथं रेंज नसेल म्हणून नकाशा फोनमध्ये उतरवून घेतला. नवे बूट पायात बसावेत म्हणून सकाळी कालव्याच्या कडेनं चालू लागले, तर भेटेल तो विचारायचा, "मॅडम, शुगर निघाली का?"

नवऱ्याला सांगितलं, तर त्याचा चेहरा उतरला.

"ट्रेनिंगला जा. पण तिकडं एकटी हिंडायचं काय काढलंस? मला रजा न्हाई, न्हाई तर मी आलो असतो."

आमचा आवाज चढायला लागला तेव्हा सासूबाई तिथंच मेथी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी जाते हिच्यासंग."

सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. सासरे गेल्यापासून आमच्याकडंच राहतात. आमचं कधी भांडण झालं नाही, आणि मनमोकळ्या गप्पाही कधी झाल्या नाहीत. त्यांच्या त्या एका वाक्यानं घरातला प्रश्न मिटला आणि माझा जीव खट्टू झाला. नको म्हणायला तोंड कुठलं? मी नकाशा पुन्हा उघडला, विहिरीचा रस्ता सोडून दिला आणि टेकाडापर्यंतचाच ठेवला. त्यांचे गुडघे, त्यांचं पाणी, बसायला सावली, सगळं त्यांच्या हिशेबानं.

पहिल्या सकाळी निघालो तेव्हा गारठा होता. नऊवारी कधीच सोडलेल्या सासूबाई, पाचवारीखाली कॅनव्हासचे बूट, अंगावर शाल. माझ्याजवळ दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. वाळूत पाय रुतायचा, पुढं टाकावा तर अर्धा मागं सरकायचा. मी सारखी वळून बघत होते. दम लागला का? पाणी देऊ का? बसायचं का?

आपल्याकडच्या शमीसारखं एक झाड आलं. त्याच्याखाली त्या थांबल्या.

"तू जा पुढं."

"अहो आई, तुमाला इथं एकटं सोडून कशी जाऊ?"

"मी काय लेकरू हाय का? सारखी मागं बघत चालायलीस. तुझंबी चालणं होईना अन् माझंबी बसणं." मग जरा थांबून म्हणाल्या, "मलाबी थोडं एकटं बसू दे की."

मी गेले. टेकाड चढून पलीकडं उतरले तसं झाड दिसेनासं झालं. वारा होता, दुसरं काही नव्हतं. इतके दिवस ज्याची आखणी केली ते हेच होतं, आणि मी मात्र गॅस बुक केला की नाही ते आठवत बसले होते. एकांत मिळाला तरी मनाला घरातून निघायला वेळ लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. मग कधीतरी तेही थांबलं. किती वेळ बसले कोण जाणे.

भानावर आले ती घाबरूनच. वर चढून बघते तर झाडाखाली कुणी नाही. धावतच उतरले. सासूबाई झाडाच्या पलीकडच्या अंगाला बसल्या होत्या.

"सावली सरकली, मीबी सरकले," त्या म्हणाल्या.

मी धापा टाकत खाली बसले. त्यांचा चेहरा इतका निवांत होता की मी विचारलं, "तुमी मनातल्या मनात बुद्धवंदना म्हणत होता का?"

"न्हाई गं. काईच करत नव्हते."

दशमी खाताना त्या आपणहून बोलायला लागल्या. तेव्हाच्या घरून, म्हणजे पेडगावहून, कोसभर चालत त्या शाळेच्या गावाला जायच्या, ही गोष्ट आमच्या घरात त्यांच्या कष्टांची म्हणून सांगितली जाते. मीही मुलांना तशीच सांगत आले.

"शाळेत लेकरं. घरी सासू-सासरे, दीर, आलं-गेलं. लोक म्हणायचे, बाईला एसटी सापडत न्हाई. सापडायची की. बाभळीमागं थांबून मी ती जाऊ द्यायची. मग चालायची. तेवढी वाट माझी असायची."

मी दशमीचा घास तोंडात तसाच धरून बसले. त्यांनी चटणी मागितली.

त्या दुपारी वर्गाला जाण्याआधी आम्ही दोघींनी मिळून नकाशावर रविवारचा रस्ता बघितला. विहिरीकडं जायचं, एकमेकींना दिसू इतक्या अंतरानं चालायचं, आणि जेवायला एकत्र यायचं असं ठरलं. पण रविवारी वारं सुटलं. डोळ्यांत वाळू जायला लागली म्हणून अर्ध्या वाटेतूनच परतलो आणि दिवसभर खोलीत चूळ भरत, पदर झटकत बसलो. विहीर काही बघून झाली नाही. उरलेल्या सकाळी मात्र आम्ही दोघी रोज निघायचो, त्या झाडापर्यंत सोबत आणि तिथून आपापल्या.

घरी आल्यावर आमच्या गप्पा वाढल्या, असं काही झालं नाही. पूर्वीसारखंच मोजकं बोलणं चालू आहे. फक्त संध्याकाळी सासूबाई पायात चपला सरकवून बाहेर पडतात, तेव्हा कुठं चाललात म्हणून मी विचारत नाही, आणि सोबत म्हणून मुलांनाही त्यांच्यामागं पाठवत नाही.