म्हशीचे कान

लग्न होऊन मी लोणावळ्याला आले त्या पहिल्याच पावसाळ्यात शेजारच्या काकूंनी मला हळूच विचारलं, "तुमच्या वडिलांची म्हैस फार आजारी असते का हो?" त्यांचं चुकलं नव्हतं. माझ्या माहेरचे दूधवाले भाऊ रोज सकाळी दारात कॅन टेकवायचे आणि विचारायचे, "आबांनी इचारलंय, म्हैस बसनार का?" मी कधी म्हणायचे, "बसेल दुपारपर्यंत," कधी म्हणायचे, "उभी राहील आज." काकूंनी सरकी भिजवून घालायचा सल्ला दिला. मी मान डोलावली. साऱ्या जगाला समजावत बसायचा मला तेव्हाही कंटाळा होता.

म्हैस दगडाची होती. माझं माहेर कार्ल्याच्या खालच्या अंगाला, इंद्रायणीच्या काठावर. गाव अलीकडे आणि निम्मी भातखाचरं पलीकडे. पूल लांब, म्हणून गावासमोरच्या उथळ पाण्यातल्या उतारावरून लोक पायीच नदी ओलांडायचे. उताराच्या मधोमध एक काळा खडक होता, थेट म्हशीच्या आकाराचा. त्याचं पोट कोरडं असलं की म्हैस उभी, खुशाल पलीकडे जावं. पाणी पाठीला लागलं की म्हैस बसली. आणि पाण्यावर नुसते दोन उंचवटे उरले, म्हणजे तिचे कान, की कोणी नदीत पाय घालायचा नाही.

आबा लहान असताना वर लोणावळ्याकडे धरण झालं आणि गावाला नदी वाचता येईनाशी झाली. त्या पाण्याचं खरं काम घाट उतरून खाली जायचं आणि वीज करायचं. तळं उतू जायला आलं की मगच धरणवाल्यांना आमची आठवण व्हायची. दारं उघडायची आणि आमच्या गावात लख्ख ऊन पडलेलं असताना नदी चढायची. आभाळाकडे बघून काही कळायचं नाही.

आबा पाण्याला भ्यायचे. नदीकाठी जन्म गेला, पण पाय धुवायलासुद्धा लोटा घेऊन काठावर बसायचे. गावातली पोरं मुद्दाम विचारायची, "आबा, तुमाला पवाय येतं का?" आबा तंबाखू मळता मळता म्हणायचे, "येतंय की. पन मानूस काय मासा हाय?" आणि तरी रोज पलीकडे जावं लागायचं, कारण भात पलीकडे होतं.

माझ्या नवऱ्याची रेल्वेत नोकरी. दारं उघडण्याआधी वाजणारा धरणाचा भोंगा आमच्या क्वार्टरमध्ये स्वच्छ ऐकू यायचा. दूधवाले भाऊ आमच्याच भावकीतले. सकाळच्या लोकलनं दूध घेऊन लोणावळ्याला यायचे आणि रिकामे कॅन घेऊन परत जायचे. पाणी वळणं घेत यायचं आणि लोकल सरळ जायची, त्यामुळे माझा निरोप पाण्याच्या आधी आबांना पोचायचा. मी इथं बसून न दिसणाऱ्या म्हशीची बैठक ठरवायचे. पाण्यात म्हैस आणि वर मोल म्हणतात, तसला माझा कारभार! पण आबांचा त्यावर भारी विश्वास. मी "बसेल" म्हटलं की नदीला घोटाभर पाणी असलं तरी आबा ओट्यावरून हलायचे नाहीत. सगळं गाव हसायचं.

एकदा जेवता जेवता ते आईला म्हणाले होते, "मी गेलो की मला आळंदीला न्या. पन येष्टीनं न्या."

आईनं विचारलं, "तितं तरी पान्यातच सोडायचं ना?"

"तितं घाट हाय. पायऱ्या हायेत," आबा म्हणाले. त्यावर आम्ही सगळे हसलो होतो. मीही.

आबा गेले ते पितृपंधरवड्यात. जन्मभर पाण्याला भ्यायलेला माणूस कोरड्या घरात, खाटेवर, दुपारच्या झोपेतच गेला. तार आली, मी मिळेल त्या गाडीनं गेले. पाऊस उघडला होता. वरच्या अंगाला चिखल फार, म्हणून चितेची जागा माणसांनी उताराजवळच्या सपाट कातळावर धरली. जाणत्यांनी आधी नदीकडे पाहिलं. म्हशीचं पोट कोरडं होतं. "आता काय पानी येत न्हाई," धाकटे चुलते म्हणाले. त्यांचंही चुकलं नव्हतं, म्हैस तेच सांगत होती. संध्याकाळी आबांना अग्नी दिला.

तिसऱ्या दिवशी राख सावडायची. आईनं कुंभाराकडून नवं मडकं आणवून ठेवलं, वर बांधायला पांढरं फडकं धुऊन वाळत घातलं. ती रडत नव्हती. तिचं सगळं ध्यान त्या मडक्याकडे होतं. माझ्या भावाला तिनं पुन्हा पुन्हा विचारलं, "येष्टी कुटनं मिळंल? थेट आळंदीची हाय का?"

अग्नी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी मी कपडे धुवायला नदीवर गेले. वर निळंभोर आभाळ. आणि म्हशीचं पोट ओलं.

मी बघत राहिले. पाणी गढूळ झालं होतं, त्यात वरची पानं, काटक्या वाहत येत होत्या. घाटावर पाऊस कोसळला असणार आणि सकाळी भोंगा झाला असणार. माझ्या क्वार्टरला कुलूप होतं. दूधवाल्या भाऊंनाही सुतक, त्यांचं दूध बंद, ते लोणावळ्याला गेलेच नव्हते. भोंगा वाजला आणि आबांसाठी तो ऐकायला तिथं कोणीच नव्हतं, कारण आम्ही सगळे आबांसाठी इथं आलो होतो. ह्या गोष्टीला काय म्हणावं ते मला आजही कळत नाही.

कपडे तिथंच टाकून मी ओरडत घरी पळाले. भाऊ घमेलं घेऊन धावला, मागून चुलते, भावकी. मीही गेले. कातळाशी आले आणि सगळे थबकले.

"तिसऱ्या दिसाच्या आदी हात लावायचा न्हाई," चुलते म्हणाले.

"आन् उद्या काय सावडायचं? पानी?" भाऊ म्हणाला.

"आरं, इस्तू जित्ता हाय अजून. जळत्यात कुनी सावडतं का?"

कोणी म्हणालं, गुरुजींना विचारू. कोणी म्हणालं, दगड लावून पाणी वळवू. मला संताप आला. "म्हैस बसली! डोळं हायेत का तुमाला?" मी किंचाळले.

"तू घरी जा, पोरी. बायामानसांनी हितं थांबू ने," चुलते म्हणाले. मी घरी गेले नाही आणि पुढेही गेले नाही. मनात आलं, धावत सुटावं, धरणावर जावं. पण जाऊन सांगणार काय होते? जरा थांबा, माझा बाप अजून निवला नाही?

पाणी कातळावर चढलं. पहिली धार निखाऱ्यांना लागली तसा चर्र आवाज झाला आणि वाफ उठली. तेव्हा कुठे चुलतेच ओरडले, "भर, भर रं!" भावानं घमेलं खुपसलं. हातात आलं एक अर्धवट जळालेलं लाकूड. त्याचा हात पोळला होता आणि पाणी गुडघ्याला आलं होतं. दोघांनी त्याला काखेत धरून मागे ओढलं. काळी राख पाण्यावर पसरली, म्हशीला वळसा घालून खाली गेली आणि दिसेनाशी झाली. खडकाचे नुसते कान उरले होते.

घरी आई मडकं मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. आमचे रिकामे हात तिनं पाहिले. कोणी काही सांगायच्या आधीच बायकांनी तिला घेरलं.

"भाग्याचे होते, मावशी. इंद्रायणी सोता आली न्यायला."

"आळंदीलाच जात्यात आता. तुमाला येष्टीचा तरास न्हाई."

चुलत्यांनीही डोळे पुसत मान हलवली. "व्हय. आपनहून गेला. लय पुन्याई." मला त्या सगळ्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटत होता, पण दुसरं बोलण्यासारखं माझ्याकडे तरी काय होतं? मी आईजवळ बसले आणि तेच म्हणाले, "आई, आबा आळंदीला पोचतील गं."

आईनं मडक्याच्या तोंडावर ते धुतलेलं फडकं बांधलं. आत काही नव्हतं तरी गाठ घट्ट मारली. मग माझ्याकडे न बघता, फक्त मला ऐकू जाईल इतक्या बारीक आवाजात म्हणाली,

"येतंय की, म्हनायचे सगळ्यास्नी. त्येंना पवाय येत न्हवतं."