चोरवाटेचा जबाब

रविवारी नाशिक रोडहून, शहरातून माणसं गाड्या घेऊन येतात आणि आमच्या डोंगरावर चढतात. पायात भारी बूट, हातात काठी, पाठीवर पाण्याची पिशवी. समोरच्या बाजूनं देवळापर्यंत पायऱ्या आहेत, लोखंडी कठडा आहे. वर जातात, फोटो काढतात, खाली येऊन माझ्याकडून काकडी नाहीतर पेरू घेतात आणि म्हणतात, "आजी, तुम्ही तर रोज चढत असाल." मी सांगते, वर मी आयुष्यात तीनदा गेले. त्यांना ते खोटं वाटतं. पण वर आहे काय? एक देऊळ, एक पाण्याचं टाकं आणि वारा. आमचं काम पलीकडच्या गावाशी असतं. डोंगर मध्ये आहे म्हणून तो ओलांडायचा, एवढंच.

गावातून पाहिलं तर डोंगर बसलेल्या म्हशीसारखा दिसतो. डोकं मावळतीला, शेपटी उगवतीला. पायऱ्या पाठीवर जातात आणि तिथंच संपतात, कारण पलीकडे सरळ कडा आहे. शेपटीकडून बैलवाट जाते. तिला चढ कमी, पण वळसा मोठा. पलीकडच्या पाड्यावर पोचायला तीन तास लागतात. तिसरी वाट डोकं आणि पाठ यांच्यामधल्या खिंडीतून जाते. ती ओढ्याच्या घळीतून चढते, त्यामुळे गावातून दिसत नाही. माणूस करवंदीच्या जाळीत शिरला की थेट खिंडीतच दिसायचा. तिला आम्ही चोरवाट म्हणतो. आमच्याकडे कुठल्याही जवळच्या वाटेला चोरवाटच म्हणतात. शाळेत जायची चोरवाट, पिठाच्या गिरणीची चोरवाट. त्यात चोराचा काही संबंध नाही.

माझी लेक पलीकडच्या पाड्यावर दिली आहे. चोरवाटेनं मला दीड तास लागतो. आधी विहिरीपासून बांधाबांधानं जायचं, मग ओढा. ओढ्यातून थोडं वर गेलं की काळा कातळ लागतो. त्यावर पाय ठेवण्यापुरत्या खोबण्या आहेत. कुणी खोदल्या माहीत नाही, पण पावलांनी घासून आतून गुळगुळीत झाल्या आहेत. पावसाळ्यात तिथं हात टेकून चढावं लागतं. कातळ संपला की कारवीचं रान, मग खिंड. पलीकडची उतरण सोपी, नागलीच्या वावरांतून जाते. लेकीच्या दारात पोचले की मी आधी पाणी मागत नाही, चहा मागते. पाणी वाटेत झऱ्याला पिऊन झालेलं असतं.

गाडीरस्त्यानं जायचं तर आधी शहराच्या अंगाला जायचं, तिथून जीप धरायची आणि घाटातून वळत वळत यायचं. मला गाडी लागते. पहिल्या दोन वळणांतच ओकारी सुरू होते. एकदा लेकीच्या सासरी उतरले ती सरळ ओट्यावर आडवी झाले. जावई लिंबू घेऊन उभे, व्याही पंखा हलवतायत, आणि ज्या बाळाला बघायला गेले होते ते माझ्याकडे बघून रडतंय. तेव्हापासून मी जीपमध्ये बसले नाही. म्हणजे चोरवाट असेल तर लेक भेटते, नसेल तर ती येईल तेव्हा. आणि तिला दोन म्हशी, सासू अंथरुणाला. ती येणार कधी?

ओढ्याच्या अलीकडचा सगळा माळ शहरातल्या कुणीतरी विकत घेतला आणि दोन वर्षांपूर्वी त्याला तारेचं कुंपण घातलं. मालक मी पाहिला नाही. तिथं एक मॅनेजर ठेवला होता, चाळिशीतला, टोपी घालून फिरणारा. कुंपण आमच्या विहिरीपासून पार डोंगराच्या सोंडेपर्यंत गेलं आणि त्यात चोरवाट अडकली. गुराखीही गुरं ओढ्यावर पाण्याला त्याच बाजूनं न्यायचे, तेही अडले.

पहिल्या वेळी मी तारेखालून गेले. लुगडं फाटलं. मॅनेजर धावत आला.

"ओ आजी, ही खासगी जागा हाय."

"असू दे. मी जागा घेऊन चालले नाही, पलीकडे चालले."

"मालक मला बोलतेत."

"मग तू मालकाला बोल."

पण दर वेळी असं चालत नाही. गावानं तहसीलदाराकडे अर्ज केला की वाट पूर्वीपासून आहे, मोकळी करून द्या. चौकशीला तहसिलातले सर्कल साहेब आले. गावातल्या देवळाच्या सभामंडपात खुर्ची टाकून बसले आणि एकेकाचा जबाब लिहून घेऊ लागले. ती वाट सगळ्यांत जास्त मी वापरते म्हणून मला पुढे ढकललं. माझं शिक्षण चौथी. सही करता येते, वाचता येतं, पण सरकारी कागदापुढे कधी बोलले नव्हते. मला वाटलं, खरं तेच सांगायचं, त्यात काय अवघड.

साहेबांनी विचारलं, "तुम्ही लेकीकडे कशा जाता?"

मी म्हणाले, "चोरवाटेनं."

साहेबांनी मान खाली घातली आणि लिहिलं. माझ्या मागे कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. मॅनेजर खांबाला टेकून उभा होता, तो सरळ झाला.

"साहेब, तेवढं बरोबर लिवा. त्या स्वतःच म्हणत्यात, चोरवाट. म्हणजे चोरून जात्यात. हक्काची वाट आसती तर असं कशाला म्हणाल्या आसत्या?"

मी म्हणाले, "आमच्यात जवळच्या वाटेला तसं म्हणतात."

"आता लिहिलंय ते लिहिलंय," साहेब म्हणाले. "पुढचं पुढे बोला."

पुढचं मला काही सुचलं नाही. अंगठ्याऐवजी सही केली, तीही वाकडी.

घरी येताना जाऊबाईंनी वाटभर ऐकवलं. "बाई, तुमच्या तोंडाला काय झालं होतं? पाऊलवाट म्हणायचं. रस्ता म्हणायचं. सगळं गाव उभं असताना चोर म्हणून आलात."

"तुम्ही काय म्हणता त्या वाटेला?"

"मी चोरवाटच म्हणते. पण साहेबापुढं नाय म्हणायची."

त्यांचं बरोबर होतं. गुराख्यांनी तर माझ्याशी बोलणंच सोडलं. मी रडले वगैरे नाही, पण दोन दिवस जेवण गेलं नाही. शब्द माझाच होता, दुसऱ्या कुणाला दोष देता येत नव्हता.

मग मी सर्कल साहेबांच्या कचेरीत गेले. तेवढ्या अंतराला बस मला सोसते. बाहेर दोन तास बसवलं. आत घेतल्यावर मी म्हणाले, "साहेब, कागदावर काय ते राहू द्या. एकदा माझ्याबरोबर त्या वाटेनं चला. मग ठरवा चोराची आहे का कुणाची."

त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या पायांकडे पाहिलं. "तुम्ही चढाल?"

"तुमचं सांगा."

त्यांना हसू आलं. स्थळपाहणी करावीच लागते, म्हणाले, आणि पुढच्या बुधवारी खरंच आले. मालकाच्या बाजूनं मॅनेजर आला. त्यानं फाटक उघडलं आणि आम्ही तिघं निघालो. मी पुढे.

साहेबांचे बूट कातळावर घसरू लागले. मी म्हणाले, खोबणीत टाच टाकू नका, चवडा टाका. मॅनेजरला काही सांगावं लागलं नाही. तो बरोबर चवड्यावर चढत होता, कारवीच्या रानातही त्याला वाट शोधावी लागली नाही. मी विचारलं, "तू कुठला रे?" तो म्हणाला, "सुरगाण्याकडला." मी म्हणाले, "वाटलंच. डोंगरातलाच तू."

खिंडीत दगडांचा ढीग आहे. चढून आलेल्या माणसानं वाटेतला एक दगड उचलायचा आणि त्यावर टाकायचा. मूर्ती नाही, शेंदूर नाही. कुणी म्हणतं देवाला, कुणी म्हणतं पाय दुखत नाहीत. माझे दुखतात, तरी टाकते. लग्न होऊन मी आले तेव्हा ढीग माझ्या कमरेला होता, आता डोक्यावर गेला आहे. साहेब धापा टाकत एका दगडावर बसले आणि त्यांनी वही काढली. मी त्यांना ढिगाच्या बुडाचे दगड दाखवले. त्यांवर दगडफूल धरलं होतं, आपण मसाल्यात घालतो तेच.

"हे काय दोन-चार वर्षांत धरतं का?" मी विचारलं.

साहेबांनी नखानं खरवडून पाहिलं. "मॅनेजरसाहेब, तुमचं काय म्हणणं?"

 आम्ही दोघांनी वळून पाहिलं तर मॅनेजर टोपी काखेत मारून ढिगापाशी उभा होता आणि हातातला दगड त्यानं नुकताच वर ठेवला होता. नीट ठेवला होता, पडू नये असा.

"हे काय केलंत?" साहेब म्हणाले.

तो चपापला. "काय नाय. खिंडीत टाकायचा आसतो ना."

"कुणी?"

"येणाऱ्या-जाणाऱ्यानं."

साहेबांनी ढिगाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ते लिहायला लागले. मॅनेजरनं टोपी घातली, पुन्हा काढली. मला हसू आलं, पण मी तोंडावर पदर घेतला. त्याची नोकरी होती.

उतरताना तो मला म्हणाला, "मावशे, हातानं केलं. डोक्यानं नाय केलं."

मी म्हणाले, "हातच बरा तुझा."

निकाल उन्हाळ्यात आला. पाऊलवाट मान्य झाली. पण फक्त पायी जाणाऱ्या माणसासाठी. गुरांच्या वाटेचा पुरावा नाही, असं लिहिलं होतं. त्यात माझ्या जबाबाचाही हात होता. मी लपून जाण्याची वाट सांगितली, गुरांचं तोंडातून काढलंच नाही. गुरं आता सगळ्या कुंपणाला वळसा घालून ओढ्यावर जातात आणि गुराखी मला पाहिलं की दुसरीकडे बघतात. त्यांचं चुकत नाही.

मॅनेजरची नोकरी राहिली. कुंपणातली फट त्यानंच पाडून दिली, दोन खांबांमध्ये वाकडी, म्हणजे माणूस आडवा होऊन जाईल आणि म्हैस जाणार नाही. डोक्यावर पाटी असली तर उतरवावी लागते. आधी पाटी पलीकडे ठेवायची, मग पोट आत घेऊन आपण निघायचं, मग पाटी पुन्हा डोक्यावर. या महिन्यात मी दोनदा गेले. परवा लेक म्हणाली, "आई, साहेबांना सांग ना, फट जराशी रुंद करून द्या म्हणून."

मी म्हणाले, "नको बाई. पुन्हा जबाब द्यायला लागेल."