पूजाच्या दुधाची फॅट

घरातल्या बाळंतिणीला तिच्या दुधावरून पास-नापास करण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

विंचूरजवळच्या एका गावात दूध संकलन केंद्र चालवणाऱ्या नानांनी तो परस्पर घेतला होता. मी शहरात द्वारका चौकाजवळच्या एका हॉस्पिटलात स्तनपान समुपदेशक आहे. पाजताना आईला येणाऱ्या अडचणी सोडवणं हे माझं काम. नानांनी माझ्या टेबलावर केंद्रातल्या फॅट मोजायच्या मशीनची छापील पावती ठेवली.

"मॅडम, सुनेच्या दुधाला फॅट लागत नाय. एक पॉइंट आठ! आजपासून पावडरचा डबा चालू करतो."

शेजारी त्यांची सून पूजा मान खाली घालून बसली होती. मांडीवर अठरा दिवसांचं बाळ. डॉक्टरांनी तपासलं होतं, आजार काही नव्हता. पण वजन जन्माच्या वेळेइतकंच होतं.

"मला अंगावरच पाजायचंय," ती पुटपुटली.

मी तापले. "नाना, ते मशीन गाई-म्हशींसाठी आहे!"

"फॅट ती फॅट," नाना ठाम.

मी पूजाला विचारलं, "नमुना कधी काढला होतास?"

"पाजायच्या आधी. वाटीत थोडं."

"आणि पाजतेस कसं?"

"मोबाइलवर पाच मिनिटांचा टायमर लावते. वाजला की बाजू बदलते. व्हिडिओत तसंच सांगितलं होतं."

मी नानांकडे वळले. "म्हशीच्या पहिल्या धारांना फॅट जास्त की शेवटच्या?"

"शेवटच्या! हे काय विचारणं झालं? लोक लय हुशार हायेत. पहिल्या धारा माझ्याकडं घालतात, शेवटच्या घरी तुपाला. पण मी बरोबर पकड..."

नाना थांबले. पावती उचलून पुन्हा वाचू लागले.

पूजाला हसू फुटलं. "नाना, मीपण पहिल्याच धारा घातल्या की तुमच्याकडं!"

बाईचंही तसंच असतं. सुरुवातीचं दूध पातळ असतं. स्तन रिकामा होत जातो तशी स्निग्धता वाढते, आणि बाळाला बरीचशी ऊर्जा त्या स्निग्धतेतूनच मिळते. हे बाळ तिथवर पोचायच्या आत टायमर वाजत होता.

मी टायमर बंद करायला लावला. बाळाची स्तनावरची पकड नीट करून दिली. एक बाजू त्याने स्वतःहून सोडली, की मगच दुसरी.

"पुन्हा नमुना लावून बघू का?" नानांना राहवेना.

"अजिबात नाही. मोजायचंच असेल तर बाळ मोजा."

आठ दिवसांनी नानांनी नातवाला स्वतःच्या हातांनी काट्यावर ठेवलं आणि ओरडले, "दोनशे तीस ग्रॅम वाढला!" लिलाव पुकारल्यासारखा आवाज. ओपीडीतल्या सगळ्या बाया वळून बघायला लागल्या.

पूजा म्हणाली, "आता मला डेअरीला घालू नका म्हणजे झालं."

डबा न उघडताच राहिला. मी शिकले ते एवढंच: नमुना कधी घेतला हे विचारल्याशिवाय निकाल वाचू नये.

तुमच्या घरी तान्हं बाळ असेल आणि कुणी "आईचं दूध पातळ आहे" म्हणालं, तर दुकानात जाऊ नका. आई आणि बाळ दोघांना घेऊन जवळच्या दवाखान्यात जा. बाळाचं वजन करा आणि ते पितं कसं, हे तिथे कुणाला तरी बसून बघायला लावा. उद्यावर टाकू नका.