मेट्रनबाईंच्या दारापर्यंत

लढाईच्या दिवसांत नगरकडच्या एका मिशन दवाखान्यात आम्ही नर्सिंग शिकायचो. बाकी सगळ्या ख्रिस्ती. आमच्यातली एक तिसगावची, एकटीच मुसलमान. मनात काही खुपलं की ती धुतलेली बँडेजं गुंडाळत बसायची, दगडासारखी घट्ट.

त्या सकाळी तिच्या हातांत एक बाळ दगावलं. मेट्रनबाईंच्या दारापर्यंत जाऊन ती परत आली आणि बँडेजं घेऊन बसली.

“जा की आत. बाई मायाळू आहेत,” मी म्हटलं.

“लई मायाळू हायेत गं. पन त्यांच्यापाशी रडायच्या आधी गुडघे टेकून प्रार्थना करावी लागती.”

मी रोज गुडघे टेकत होते. हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. आणि तरी मी शहाणी तिचा खांदा धरून म्हणाले, “मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन हं.”

तिनं गुंडाळून झालेलं बँडेज उलगडलं आणि पुन्हा गुंडाळायला घेतलं.