पेजेवर वाढलेले जिवाणू

अक्का इनक्युबेटरचं दार उघडण्याआधी त्यावर बोटानं टकटक करायच्या. आत जिवाणू वाढवायला ठेवलेल्या बशांखेरीज काही नसायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "वसाहत आहे ना आत? मग न विचारता कसं शिरायचं?"

बंगळुरूतल्या एका संशोधन संस्थेत त्या आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. मूळच्या निपाणीच्या, पण कित्येक वर्षं बसवनगुडीत राहिलेल्या. मी पुण्याहून पीएच.डी.साठी आले होते आणि दिवसभर हिंदी-इंग्रजी बोलून दमून जात होते. त्यांनी माझं आडनाव ऐकलं आणि सरळ मराठीत विचारलं, जेवलीस का. बाकी सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. मी त्या दिवसापासून अक्का म्हणू लागले.

न्यूट्रिएंट अगार, म्हणजे जिवाणूंचं जेलीसारखं थिजणारं खाणं, त्या स्वतः ओतायच्या. गरम बाटली मनगटाला टेकवून बघायच्या. "हाताला सोसलं की ओतायचं. तोवर स्वल्प थांब," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घाईनं ओतलं की झाकणाला आतून पाणी सुटतं, थेंब पडतात आणि सगळी वाढ एकमेकांत मिसळते. माझ्या सुरुवातीच्या बशा अशाच वाया गेल्या. त्या रागावल्या नाहीत, फक्त पुढच्या वेळी शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

शहराच्या कडेला असलेल्या एका तळ्याच्या गाळातून मला एक जिवाणू मिळाला होता, कापडाचा निळा रंग खाऊन टाकणारा. माझा सगळा प्रबंध त्याच्यावर उभा होता. पुढे तो गाळ उपसून नेला, त्यामुळे तिथे पुन्हा शोधायची सोय राहिली नाही. तो जिवाणू मी नळ्यांत गोठवून जपला होता, आणि दिवाळीच्या सुट्टीत आमचा डीप फ्रीजर बंद पडला. परत आले तेव्हा नळ्यांतलं सगळं वितळून कोमट झालं होतं. मी ते अगारवर पेरलं, पुन्हा पेरलं. बशा कोऱ्याच राहिल्या. आईला फोन करून सांगितलं, मी घरी येतेय.

अक्कांकडे गेले तेव्हा त्या डबा खात होत्या. सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "तापातून उठलेल्याला पुरणपोळी वाढतीस काय? पेज द्यायची." मग आम्ही दोघींनी नवा अगार केला, त्यातलं पोषण अगदी कमी ठेवून. नळ्यांत उरलेलं त्यावर पेरलं आणि बशा इनक्युबेटरच्या उबेत न ठेवता खोलीतच झाकून ठेवल्या. त्यानंतर नुसती वाट बघणं. मी रोज बघायचे, रोज काही नसायचं.

रविवारी सकाळी अक्का रिक्षा करून आल्या. एक बशी उचलून खिडकीशी गेल्या, ती उजेडात तिरकी करून बघत राहिल्या. मग त्यांनी बशी माझ्याकडे दिली. "तूच बघ. मला दिसत नाही."

काठाजवळ सुईच्या टोकाएवढे ठिपके होते, चारदोनच. तेही आपलेच की बाहेरून पडलेले, हे ठरायचं होतं. निळा रंग मिसळलेल्या अगारवर ते पेरले. काही दिवसांनी प्रत्येक ठिपक्याभोवती रंग उतरून स्वच्छ कडं पडलं, तेव्हा मी तिथंच रडू लागले. अक्कांनी बशी हळूच बाजूला सरकवली. "रड की. पण त्यावर नको," म्हणाल्या.

त्या रविवारी त्यांना खरंच दिसलं नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि निवृत्तीपर्यंत कुणाला कळू द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. आता मला कळलं होतं. मी त्यांच्या मागेच लागले. इंदिरानगरच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या वेळी बाहेर मीच बसले होते. डॉक्टर येऊन सगळं नीट झालं म्हणाले, तेव्हा कुठं मला भूक लागल्याचं जाणवलं.

निवृत्तीनंतर त्या भावाकडे निपाणीला गेल्या. जायच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेत आल्या, माझी एक बशी उजेडात धरली आणि काचेवरून बोट फिरवत एकेक वसाहत पाहिली. घाई अजिबात नव्हती. शेवटी बशी माझ्या हातात देत म्हणाल्या, "देखणे आहेत गं. इतके दिवस मी आपली तुझ्या तोंडाकडं बघून ओळखत होते."