एक सिंह, तीन बागा

माझं लग्न झालं तेव्हा लातूर जिल्हा होऊन थोडेच दिवस झाले होते आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी रुसला होता. माझं माहेर उमरीचं. स्थळ आलं तेव्हा मध्यस्थानं वडिलांना सांगितलं, "मुलाच्या बापाच्या तीन बागा हायत." वडील एवढे खूश झाले की आंब्याच्या का मोसंबीच्या, हेही त्यांनी विचारलं नाही. त्या करमणुकीच्या बागा आहेत हे मला सासरी आल्यावर कळलं. तिन्ही बागांत मिळून झाडं अकरा, त्यातली आठ बाभळीची.

सासऱ्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं. त्यांचं मूळ आडतीचं दुकान. तुरीच्या कामानं हैदराबादला गेले असताना त्यांनी तिथं एक मोठी बाग पाहिली, पाळणे, घसरगुंड्या, तळ्यातल्या होड्या, आणि परत आले ते डोक्यात वारं भरूनच. "आपल्या मुलुखातली लेकरं काय निसती जत्रेतच हासणार?" असं म्हणून त्यांनी लातूर, कंधार आणि लोहा इथं बागा काढल्या. दारावर फलक लावले: करमणूक बाग, शाखा क्रमांक एक, शाखा क्रमांक दोन, शाखा क्रमांक तीन. प्रत्येक शाखेत लाकडी जनावरांची एक गोल चक्री आणि होड्यांचं तळं. लातूरला शिवाय आकाशपाळणा आणि हसऱ्या आरशांची खोली.

दुष्काळानं तिन्ही तळी आटवली. पाण्यासाठी मैलभर चालून आलेलं माणूस चक्रीत बसून आणखी कशाला फिरेल? उन्हानं चक्रीवरची जनावरंही तडकली. तीन बागांत मिळून धड अशी सातच उरली: चार घोडे, दोन हंस आणि एक सिंह. हा सिंह ज्यानं रंगवला त्या पेंटरनं सिंह कधी पाहिला नव्हता, आप्पांना मात्र रोज पाहायचा. त्यामुळं सिंहाला वर पीळ दिलेल्या मिशा होत्या आणि कपाळावर भस्माचे तीन पट्टे. लेकरं त्याच्यावर बसायला घाबरायची नाहीत, लाजायची.

अशा दिवसांत हैदराबादच्या एका शेटनं निरोप धाडला. त्यांना तिन्ही बागा एकदम विकत घ्यायच्या होत्या. आधी कंधार बघू, दुपारून लोहा, दुसऱ्या दिवशी लातूर. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, भाकरी थापता थापता थांबल्या.

"विकायचं कशापायी?" त्या म्हणाल्या.

"चालून न्हाई राह्यलं म्हणून," आप्पा म्हणाले.

"मी बी गुडघ्यानं चालून न्हाई राह्यले. मला इकता का?"

आप्पांची खरी अडचण वेगळी होती. चक्र्या तीन आणि जनावरं सात. रिकामी चक्री दाखवली तर शेट लोखंडाच्या भावानं मागणार. शेवटी तोड माझ्या नवऱ्यानं काढली. कंधारच्या चक्रीवर सातही जनावरं बसवायची. शेट पाहून जेवायला गेले की ती खोलून ट्रकमध्ये टाकायची आणि लोह्याच्या चक्रीवर चढवायची. मग तिथून लातूर. आप्पांना हे पटलं नाही, पण दुसरं सुचलंही नाही.

"आणि शेट लौकर जेवले तर?" त्यांनी विचारलं.

नवऱ्यानं माझ्याकडं बोट केलं. "ही जेवू देत न्हाई लौकर."

अशी मी त्या व्यवहारात शिरले.

कंधारला शेट उतरले ते पांढऱ्या सफारीत, गोल, हसरे, कपाळ पुसत. चक्री पाहिली, सिंह पाहिला, मग आप्पांकडं पाहिलं, पुन्हा सिंह पाहिला. पण माणूस सभ्य, तसेच पुढं चालू लागले. तळ्याकाठी मात्र थबकले. तळ्याच्या भेगाळलेल्या बुडात तीन होड्या टेकल्या होत्या आणि मधल्या होडीत एक शेळी पिलांसकट पहुडली होती.

"पानी किधर है?" शेटनी विचारलं.

आप्पा अजिबात गडबडले नाहीत. "हा कोरडा नौकाविहार हाय, शेटजी. बुडायची भीती न्हाई. म्हातारी माणसं लई खूश असत्यात."

शेट होडीत जाऊन बसले. शेळी थोडी सरकली.

जेवण कंधारलाच नणंदेच्या घरी होतं. मी आधी हुग्गी वाढली, आमच्याकडची खपली गव्हाची खीर. मग पोळ्या. एक पोळी लाटायची, मंद आचेवर निवांत भाजायची, ती वाढून झाली की दुसरी लाटायला घ्यायची. शेट ताटासमोर हात धरून बसायचे. मध्ये मी मीठ विसरल्यासारखं करून शेजारी मागायला गेले. एकदा चूल विझू दिली. नणंद कानात म्हणाली, "वहिनी, तुला सैपाक येत न्हाई असं वाटायलंय त्यास्नी." नव्या नवरीला याहून मोठी बेअब्रू नाही. पण खिडकीतून रस्त्यावर आमचा ट्रक जाताना दिसला, मागच्या फळीवरून सिंहाच्या मिशा डोकावत होत्या, तेव्हा कुठं मी तवा नीट तापवला.

लोह्याला शेट पोचले तेव्हा चक्री सजलेली होती. नवरा घामानं भिजून एका घोड्याला टेकून उभा होता, तो घोडा उलट्या तोंडानं बसवला आहे हे विसरून. शेटनी सगळ्या जनावरांवरून नजर फिरवली आणि सिंहापाशी येऊन थांबले.

"ये शेर तो वहाँ बी था."

"त्याचा भाऊ हाय," आप्पा म्हणाले.

"और ये घोडा उल्टा कायकू?"

"त्यो..." आप्पांनी गाडीतून उतरणाऱ्या माझ्याकडं पाहिलं. मी काय करणार? मी पदर पुढं ओढला. "त्यो मागं बघून येणाऱ्यांस्नी बोलावतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शेट लातूरला आले. आमची लातूरची बाग तेव्हा फार चमत्कारिक दिसायची. नव्या जिल्ह्यात कचेऱ्या आल्या होत्या, पण त्यांना बसायला जागा कमी होती. एका खात्यानं आमची हसऱ्या आरशांची खोली तात्पुरती मागून घेतली होती. साहेबांचं टेबल, कारकून, फायलींची कपाटं, आणि भिंतींवर आमचे आरसे तसेच. खेड्यापाड्यांतली माणसं अर्ज घेऊन यायची. चिडून आत शिरलेल्या माणसाला समोर आपलंच डोकं भोपळ्याएवढं नि पाय वीतभर दिसले की तो भांडण विसरून जायचा. त्या कचेरीत आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही, हसण्याचा सोडून. ज्यांचा नंबर यायचा असे लोक बाहेर आमच्या पाळण्याच्या सावलीत बसायचे.

शेटनी चक्रीवरचा सिंह तिसऱ्यांदा पाहिला. या वेळी मिशीला हात लावून पाहिला.

"आप्पासाब, ये शेर हमारे पीछे पीछे आ रा क्या?"

आप्पा उपरण्यानं सिंहाच्या पाठीवरची धूळ झटकायला लागले. तेवढ्यात शेटच म्हणाले, "छोडो. मेरेकू उप्पर से जगा देखनी है." जिल्हा झाल्यावर जमिनीची चर्चा सगळीकडं होती, त्यांना वरून सगळा परिसर बघायचा होता. ते आकाशपाळण्यात जाऊन बसले आणि शेजारची जागा थोपटली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आप्पांनी तो पाळणा उभा केला, वर्षानुवर्षं चालवला, पण स्वतः त्यात कधी बसले नव्हते. त्यांना माळ्यावर चढलं तरी घेरी यायची. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, शेटना नव्हतं. आप्पांनी आत्याबाईंकडं पाहिलं. आत्याबाई म्हणाल्या, "जावा की. शाखा क्रमांक एक तुमचीच हाय."

आप्पा बसले. नवऱ्यानं डिझेलचं इंजन सुरू केलं. पाळणा उचलला, वर गेला, अगदी टोकाला पोचला आणि फटकन् आवाज झाला. इंजनाचा पट्टा तुटून सापासारखा वळवळत कचेरीच्या दारात जाऊन पडला. पाळणा वरच थांबला.

खाली नंबरासाठी बसलेली माणसं उठली. साहेबही बाहेर आले. वरून आप्पांचा आवाज आला, बारीक, लेकरासारखा.

"शेटजी, मी खोटं बोललो. त्यो भाऊ न्हाई. एकच सिंह हाय. घोडे बी तेच, हंस बी तेच. म्या देवाला भिऊन सांगून राह्यलो."

"मालूम है," शेट म्हणाले. त्यांनी दांडी घट्ट धरली होती. "मेरेकू कंधार मेंच मालूम हुआ. खाने के टैम खिडकी से शेर कू जाते देखा मैं."

मी खाली तोंड लपवलं.

कारकून पुढं होऊन म्हणाला, "पाळणा खाली आणायचा असेल तर साहेब, अर्ज लागेल का?" त्याचं चुकलं नाही, दिवसभर दुसरं काही कानावरच पडत नव्हतं. साहेबांनी त्याला गप्प केलं आणि स्वतः बाह्या सारल्या. मग अर्जदार मंडळींनी पाळण्याच्या लोखंडी दांड्या धरून तो हातानं ओढायला सुरुवात केली, जत्रेत ओढतात तसा. पण वरची दोघं वजनदार आणि ओढणारे वीस. पाळणा सुटला तो खाली येऊन थांबेचना. खालून निघून पुन्हा वर.

आत्याबाई पुढं सरसावल्या. पाळणा जमिनीजवळून गेला की त्यांना अर्धंच वाक्य बोलायला मिळायचं.

"शेटजी, ह्या बागा..." पाळणा वर गेला. सगळे थांबले. पाळणा खाली आला. "...इकायच्या न्हाईत!" पुन्हा वर. वरून आप्पांचा आवाज, "काय म्हणली?" पुन्हा खाली. "माणूस गरज पडल्यावर..." वर. खाली. "...काय बी कबूल करतंय, त्याचं मनावर घिऊ नका!"

"अम्मा, पहले उतारो!" शेट जाता जाता ओरडले.

पाचव्या फेऱ्याला साहेब स्वतः दांडीला लोंबकळले तेव्हा पाळणा थांबला. आप्पा उतरले आणि जमिनीवरच बसले. शेट उतरले ते हसत. हसता हसता त्यांनी भोवती पाहिलं. शे-दीडशे माणसं जमली होती, बाया होत्या, पाण्याला निघालेल्या पोरी घागरी ठेवून उभ्या होत्या. सगळी खळखळून हसत होती.

शेटनी आप्पांना हात देऊन उठवलं. मोडक्या मराठीत म्हणाले, "आप्पासाब, मी जमीन घ्यायला आला. बाग नाय चालवणार, तोडणार. ते सांगितलं नव्हतं. तुमी एक झूट बोलला, मी एक." मग गर्दीकडं बोट केलं. "इत्ते सूखे में लोगां हस रै. मेरे हात से नै टूटता ये."

"मग न्हाई घेत?" आप्पांनी विचारलं. त्यांच्या आवाजात निराशा होती का सुटका, मला आजही सांगता येत नाही.

"नै."

आत्याबाईंनी त्यांना जेवूनच जा म्हटलं. या खेपेला पोळ्या मी भराभर केल्या. शेट प्रत्येक पोळीला घड्याळ बघून मान डोलवत होते आणि मी चुलीकडं तोंड करून बसले होते.

कंधार आणि लोह्याच्या शाखा आप्पांनी त्याच वर्षी बंद केल्या. तिथल्या जागांत पाऊस आल्यावर ज्वारी पेरली. लातूरची बाग राहिली. पाळणा अडकला त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच माणसं येऊन विचारायची, "आज कोण अडकणार हाय का?" नवरा म्हणायचा, "बसून तर बघा." आणि ती बसायची. कचेरी स्वतःच्या इमारतीत गेली तेव्हा साहेबांनी एक आरसा मागून नेला. कुठला ते आम्ही विचारलं नाही, पण तो बारीक दाखवणारा होता.

आप्पा त्यानंतर रोज संध्याकाळी एक फेरी पाळण्यात बसायचे, डोळे गच्च मिटून. मी एकदा विचारलं, "मामा, भीती वाटती तर बसता कशाला?"

"सूनबाई," ते म्हणाले, "भीती वाटती म्हणूनच मज्जा येतीय. हे मला आदी ठावं असतं तर इकायचं मनातबी आलं नसतं."